रायतूरचे क्रिस्तपुराण : सत्ता, श्रद्धा आणि भाषा

परका धर्म एखाद्या भूमीत सत्तेच्या बळावर येऊ शकतो. परंतु तो तेथील लोकांचा व्हावयाचा तर त्याला त्यांच्या भाषेचा आश्रय घ्यावाच लागतो. गोव्यातील साष्टी प्रांताचा इतिहास याची साक्ष देतो.

पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवालये उद्ध्वस्त केली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलेल्या गावकारांची हत्या झाली. अशा रक्तलांछित प्रदेशात इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांनी आपले कार्य केले. १५७९ मध्ये गोव्यास आलेले स्टीफन्स १६१९ साली येथेच निवर्तले.

नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे निषिद्ध ठरली होती. त्यांची जागा मात्र रिकामीच होती. पूर्वीची पुराणे नाकारता, तर त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हांस का देत नाही, असा प्रश्न एका ब्राह्मणाने विचारल्याचा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथातच गुंफला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ होय. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राची कथा आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारी ही रचना श्रोत्यांच्या कानाला परकी वाटली नाही. बोलीकडेही त्यांचे दुर्लक्ष नव्हते. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूर येथेच प्रसिद्ध झाले.

पुढे मात्र सत्तेनेच हा धागा तोडावयास घेतला. १६८४ च्या राजाज्ञेने स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज स्वीकारण्याचे फर्मान काढले. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांतून. १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो रोमन लिपीत, तर १९५६ मध्ये पुणे येथे शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत प्रसिद्ध केला.

ज्या पुराणांवर बंदी आली, त्यांच्याच ओवीने नव्या श्रद्धेला वाणी दिली, हा इतिहासातील विलक्षण योग होय. त्या बंदीची वेदना विसरून या ग्रंथाचा गौरव करणे जितके अपुरे, तितकेच त्या वेदनेपायी मराठीचे हे लेणे नाकारणेही अन्यायाचे ठरेल.