परळच्या बंगल्यावरची पाटी



सर्पदंशावरच्या लशीमुळे म्हणा, पोलिओच्या थेंबांमुळे म्हणा, 'हाफकिन' हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असेल. काहींना ते औषधाचे नाव वाटते, काहींना कारखान्याचे. ते एका माणसाचे नाव आहे, आणि ते परळच्या त्या जुन्या बंगल्यावर लागायला 1925 साल उजाडावे लागले. त्याआधी तिथे दोन निराळ्या पाट्या लागून गेल्या होत्या. त्या पाट्यांची हकीगत आज सांगायची आहे.

बंगला पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा. 1882 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच बंगल्यात पटकीने वारल्या, आणि पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार टेकडीवर गेले. राजवाड्यासारखी वास्तू, पण मन उडालेली. तिचे भाग्य उजळले ते दुसऱ्या एका साथीने.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतले. हे गृहस्थ 1860 साली ओडेसा शहरी जन्मलेले. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत पटकीची लस तयार करून 1893 पासून हिंदुस्थानात ती टोचत हिंडत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरची पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी काम मांडले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे नाही तर खोबरेलाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. मग तो रस तापवून जंतू मारायचे, की लस तयार. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती पहिल्यांदा टोचली, ती स्वतःला. ताप भरला, दुखले, उतरले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपण होऊन हात पुढे केला, त्यांनाच लस टोचली. ज्यांना आधीच लागण झाली होती ते सोडले, तर टोचलेल्यांपैकी कोणी मेले नाही. न टोचलेल्यांपैकी सहा दगावले.

आता हा पुरावा लोकांना पटायला हवा होता. पण ते दिवस कसे होते? पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून रोगी शोधत होते, माजघर आणि देवघर पाहत नव्हते. जूनमध्ये रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. त्याच पुण्यात मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. सरकारचा हात अंगाला लागू नये असे ज्यांना वाटत होते, त्यांनी सरकारची सुई कशी टोचून घ्यावी? हा प्रश्न डॉक्टरी शास्त्राने सुटणारा नव्हता. आगाखान पुढे आले. त्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला काही काळ आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. त्यांच्या समाजातली हजारो माणसे मग टोचणीला आली. आपल्या माणसाच्या दंडाला सुई लागलेली पाहिली, की दुसऱ्याचा धीर होतो. संस्थांच्या सहकार्याची मोठमोठी भाषा पुढे आली. माझ्या मते त्याचा पहिला धडा तो हाच.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या रिकाम्या बंगल्यात 'प्लेग रिसर्च लॅबोरेटरी' उघडली. ही पहिली पाटी. रोग एक, काम एक.

आणि मग 1902 च्या ऑक्टोबरात घात झाला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ठपका परळवर आला, हाफकिन कामावरून दूर झाले. पुढे उलगडले ते असे की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. पण हाफकिन यांच्यावरचा डाग पुसायला 1907 साल लागले. मधल्या काळात, 1906 साली, पाटी बदलून 'बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' झाली. काम प्लेगच्या पलीकडे गेले होते, म्हणून नावही रुंद झाले. पण ज्याने घर उभे केले तो बाहेर, आणि पाटीवर मुंबईचे नाव, हेही त्या वर्षाचे खरे चित्र आहे.

याच सुमारास त्या बंगल्यात एक शोध लागला, तो शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकावा. उंदराचा प्लेग माणसाला कसा लागतो? 1905 पासून प्लेग कमिशनने इथे पिंजऱ्यांचे प्रयोग केले. प्लेगच्या घरात एका पिंजऱ्यातले गिनीपिग जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले, दुसऱ्यातले दोन फुटांवर टांगले. खालचे आजारी पडले, वरचे वाचले. पिसू जेवढी उडी मारते, तेवढीच रोगाची धाव! उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू भुकेने माणसाकडे वळते. आपले पूर्वज घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांना पिसवेची विद्या ठाऊक नव्हती. पण त्यांनी धरलेली वाट बरोबर होती, हे परळने दाखवून दिले.

1897 ते 1925 या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या. आणि 1925 साली तिसरी पाटी आली: 'हाफकिन इन्स्टिट्यूट'. हाफकिन तेव्हा हयात होते, दूर युरोपात. पाच वर्षांनी, 1930 मध्ये, स्वित्झर्लंडात लोझान येथे ते वारले. ज्याला एकदा दूर सारले त्याचेच नाव दारावर लावावे, हे सरकारी दप्तरात क्वचित घडते. 1964 साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले.

संस्थेच्या पहिल्या हिंदी संचालकांचे, साहिबसिंग सोखे यांचे, नाव इथे घेतले पाहिजे. 1932 पासून त्यांनी ते घर सांभाळले. आपल्याकडे लागणारी लस आणि औषधे आपल्याच देशात व्हावीत हा त्यांचा ध्यास. सर्पदंशाची लस ही त्याच कामाची बहीण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्याला अगदी थोडे थोडे, वाढत्या प्रमाणात द्यायचे. घोड्याच्या रक्तात त्यावर उतारा तयार होतो. त्या रक्तातून तो वेगळा काढायचा. रात्री पाण्याची बारी द्यायला गेलेल्या माणसाचा जीव असा एका मुक्या जनावराच्या रक्तावर वाचतो. मात्र दवाखाना गाठायला हवा, आणि तोही लवकर. मांत्रिकाकडे गेलेला तास पुन्हा मिळत नाही.

1975 साली एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या. लस आणि औषधे बनवणे व विकणे हे काम नव्या महामंडळाकडे गेले. संशोधन, शिक्षण आणि तपासणी जुन्या संस्थेकडे राहिली. कारखान्याला हिशेबाचा मोकळेपणा हवा आणि संशोधकाला सवडीचा, हा त्यामागचा विचार. वाटणी झाली की दोघांचे बळ काही काळ कमी होते, हे शेती वाटलेल्या भावांना निराळे सांगायला नको. तरी पोलिओच्या मोहिमेत त्या महामंडळाने भरलेल्या कुप्या देशभर गेल्या. बर्फाच्या डब्यातून त्या वाडीवस्तीवर पोचवल्या आरोग्यसेविकांनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि शाळामास्तरांनी. मुलांच्या बोटांना शाईची खूण केली तीही त्यांनीच. देशातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

शिक्षकमित्रांनो, वर्गातल्या मुलांना घेऊन कधी मुंबईला आलात, तर परळला जरूर जा. बंगला अजून उभा आहे. ज्या रस्त्यावर तो आहे त्या रस्त्याचे नाव आचार्य दोंदे मार्ग. ते दोंदे कोण, हे मुलांना विचारा. तेही एक शिक्षकच होते.