मानससरोवराचा हंस निफाडात



सरस्वतीच्या तसबिरीतला हंस आठवा. पांढराशुभ्र, लांब बाकदार मानेचा. हा पक्षी युरोप आणि मध्य आशियातला. भारतात तो क्वचितच, तोही वायव्येकडे, एखाद्या हिवाळ्यात भरकटून येतो. मग आपल्या विदर्भाच्या दमयंतीशी (आपल्या ग्रंथांत ती दवदंती) बोलला तो कोण?

फोगेल नावाच्या डच अभ्यासकाने या पक्ष्यावर पुस्तकच लिहिलं, ते 1962 साली प्रसिद्ध झालं. जुन्या साहित्यातला आणि शिल्पातला हंस म्हणजे इंग्रज ज्याला गूस म्हणतात तो, असं त्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांतले हंस पाहिले की पटतं. अंगाने भरलेले, मान बेताची.

मान लांबली ती छापील चित्रांमुळे, असं मला वाटतं. राजा रविवर्म्याने 1899 साली ‘हंस दमयंती’ रंगवलं, त्यातला हंस थेट विलायती. अशा चित्रांच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर लागल्या. पुढे गदिमांच्या गाण्यातून राजहंस आला, तोही मूळचा अँडरसनच्या 1843 सालच्या गोष्टीतला, म्हणजे डेन्मार्कचा. तिथे तो तळ्यातळ्यात दिसतो.

आपला हंस पट्टकदंब असावा. राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागे दोन काळे पट्टे. तिबेट, लडाखच्या तळ्यांकाठी, मानससरोवराच्या परिसरातही तो अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून खाली येतो. सात हजार मीटरच्या वर उडताना यंत्रांनी त्याची नोंद केली आहे. विरळ हवेतला प्राणवायूही त्याचं रक्त धरून ठेवतं. मानसला जाणारे हंस ही कालिदासाची नुसती कल्पना नव्हती तर! आणि हा प्रवासी दर हिवाळ्यात आपल्या निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरला उतरतो. 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. खाणं बहुतेक गवत, कोवळे अंकुर, धान्य. जवळपास आपल्यासारखंच!

दूध आणि पाणी मात्र कुठलाच पक्षी वेगळं करत नाही. पण नंदीसूत्रात श्रोत्यांचे प्रकार सांगितलेत, त्यात हंस आहे. सार तेवढं घेणारा. चाळणी आहे, एका बाजूने ऐकून दुसरीकडून सोडणारी. पाणी गढूळ करणारी म्हैसही आहे. चातुर्मासात प्रवचनाला बसल्यावर शेजारणीशी साड्यांच्या गप्पा मारणाऱ्या कोणत्या प्रकारात बसतात ते आपापलं ठरवा.

नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय गोदावरीवरच आहे, नाशिकच्या खालच्या अंगाला. रामकुंडापाशी सोडलेलं निर्माल्य, आपल्या मोरीतलं साबणाचं पाणी, सगळ्याची वाट तिकडेच जाते. पिण्याचं पाणी आपण गाळून घेतो. पट्टकदंबाच्या वाट्याला येतं ते आपण सोडलेलं. पुढच्या थंडीत मंडळाची सहल काढायची असेल तर पहाटे निघावं लागेल, आणि दुर्बीण कुणाकडे आहे ते आधी कळवा.