मंजूर, भरलेली, रिक्त
(आरोग्य मनुष्यबळ नियोजनाच्या अभ्यासाची प्रस्तावना)

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खोलीत गेलात की भिंतीवर एक तक्ता दिसतो. पदनाम, मंजूर, भरलेली, रिक्त. वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहाय्यक, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, वाहनचालक, परिचर, सफाई कामगार अशी ती उतरंड असते. शेवटच्या रकान्यातला आकडा बहुधा खोडून पुन्हा लिहिलेला असतो. आरोग्य मनुष्यबळाचे नियोजन हा विषय बहुतेकांना या तक्त्यापाशी भेटतो आणि बहुतेक चर्चा तिथेच संपते: पदे रिक्त आहेत, ती भरा. मागणी रास्त आहे. पण ती मान्य करूनही बरेच काही उरते, आणि हा अभ्यास त्या उरलेल्या भागाचा आहे. तक्ता पदे मोजतो. काम तो मोजत नाही, आणि त्या पदावरच्या माणसाची वीस-तीस वर्षांची नोकरी तर त्याच्या हिशेबातच नाही.

एक उदाहरण घेऊ. ग्रामीण रुग्णालयात रात्री अडलेली बाळंतीण आली. सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळाला सांभाळायला बालरोगतज्ज्ञ हवा, शस्त्रक्रियागृहातली परिचारिका हवी, रक्ताची सोय हवी. तीन तज्ज्ञांपैकी दोघे आहेत, भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे. तक्त्यावर तज्ज्ञांची दोन तृतीयांश पदे भरलेली दिसतात. सिझेरियन मात्र एकही होत नाही. बाईला गाडीत घालून जिल्ह्याला पाठवतात. मनुष्यबळात बेरीज चालत नाही, गुणाकार चालतो, आणि गुणाकारात एक शून्य पुरते. म्हणूनच एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे भूलशास्त्राचे प्रशिक्षण देऊन प्रसूतीच्या आणीबाणीसाठी तयार करण्याचा मार्ग देशात काढला गेला. या उपायावर मतभेद आहेत. पण ज्यांनी तो सुचवला त्यांनी प्रश्न बरोबर ओळखला होता: किती माणसे कमी आहेत यापेक्षा कोणत्या एका माणसावाचून बाकीच्यांचे हात बांधले गेले आहेत, हे आधी बघायचे.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात कुठून धरायची, यावर विद्यार्थ्यांशी माझी नेहमी चर्चा होते. मी 1886 साल सांगतो. आनंदीबाई जोशी त्या वर्षी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. बायका पुरुष डॉक्टरकडे येत नाहीत, म्हणून बाईच डॉक्टर हवी. आधी गरज ओळखली, मग पद ठरवले, मग त्या पदाला योग्य माणूस शोधला. नियोजनाचा हा अगदी शुद्ध क्रम आहे. आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी गेल्या, काम सुरू होण्याआधीच. त्यांच्या मागे दुसरी कोणी तयार नव्हती. एकाच माणसाच्या भरवशावर सेवा उभी करू नये, तिच्या मागे शिकणाऱ्यांची रांग हवी, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या मांडणीचा पाया म्हणजे भोर समिती. सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे. त्यांची समिती 1943 मध्ये नेमली गेली आणि अहवाल 1946 मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना तिथूनच आपल्याकडे रुजली. मात्र मनुष्यबळाच्या अभ्यासकाने त्या अहवालातला एक निर्णय थांबून वाचावा. त्या काळी नोंदणीकृत डॉक्टरांत निम्म्याहून बरेच अधिक 'लायसेन्शिएट' होते, म्हणजे पदवीपेक्षा कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. समितीने कौल दिला तो एकाच दर्जाच्या, पूर्ण पदवी घेतलेल्या 'मूलभूत डॉक्टर'च्या बाजूने. समितीतल्याच काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले: देशात डॉक्टर इतके थोडे असताना कमी मुदतीचे शिक्षण बंद करणे परवडणार नाही. बहुमताचा युक्तिवादही भक्कम होता: खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का?

हा वाद मिटलेला नाही. 1975 च्या श्रीवास्तव समितीने गावातल्याच माणसाला आरोग्यकार्यकर्ता करण्याची शिफारस केली. छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ग्रामीण भागासाठी वेगळे वैद्यकीय मनुष्यबळ घडवले. अभ्यासक्रम पुढे बंद पडला, पण त्यातून बाहेर पडलेली मुले-मुली दुर्गम केंद्रांत काम करत राहिली. 2018 पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. आपल्याकडे त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. नाव बदलते, मुदत बदलते, प्रश्न तोच राहतो: कोणते काम करायला किती शिकलेला माणूस लागतो? माझे मत सांगतो. दर्जा पदवीच्या लांबीवरून ठरवू नये. नेमून दिलेले काम तो माणूस सुरक्षितपणे करतो की नाही, त्याच्यावर देखरेख आहे की नाही, आणि त्याच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेत पुढे जातो की नाही, यावरून ठरवावा.

या मताला आधार गडचिरोलीचा आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, जन्मतः श्वास अडला तर तो सुरू करणे, जंतुदोष ओळखणे आणि त्यासाठी इंजेक्शन देणे. यातले शेवटचे काम गावातल्या बाईच्या हाती द्यायचे हे ऐकून अनेक तज्ज्ञ दचकले. तुलनेसाठी 47 गावे होती. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला होता. पुढे 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या 'आशा' स्वयंसेविकांकडे आले. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच दुसऱ्या वाटेने दाखवले होते. या दोन्ही ठिकाणी कमी शिकलेली बाई यशस्वी झाली, हे सगळे सांगतात. तिच्या मागे नियमितपणे तिच्याकडे येणारा, तिची नोंदवही तपासणारा, चुकले तर शिकवणारा माणूस होता, हे फार थोडे सांगतात. योजना राज्यभर पसरते तेव्हा हा मागचा माणूस सर्वांत आधी गळतो.

आता काम मोजण्याकडे वळू, कारण इथे वाचकाला पेन्सिल हातात घ्यावी लागेल. आपले निकष लोकसंख्येवर बेतलेले आहेत: सपाट प्रदेशात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे 30,000 आणि 20,000 लोकांमागे. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या भारावरून माणसांची गरज काढण्याची एक पद्धत दिली आहे. ती वापरून आरोग्यसेविकेचे वर्ष मांडून पाहू. 365 दिवसांतून 52 रविवार वजा. समजा 20 सार्वजनिक सुट्ट्या, 8 किरकोळ रजा, 30 अर्जित रजा, 10 दिवस प्रशिक्षण आणि महिन्याला दोन याप्रमाणे 24 दिवस बैठका वजा केल्या. उरले 221 दिवस. रोजचे सात तास धरले तर 1,547 तास.

या तासांत काय काय बसवायचे? 5,000 लोकसंख्येत हजारी 15 जन्मदर धरला तर वर्षाला 75 बाळंतपणे. सुमारे 80 गरोदर बायकांची नोंद, प्रत्येकीच्या किमान चार तपासण्या, तपासणीला वीस मिनिटे: झाले 107 तास. मग बाळांचे लसीकरण, बाळंतपणानंतरच्या गृहभेटी, क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे संशयित शोधणे, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, कुटुंबनियोजन, शाळा, साथ आली तर सर्वेक्षण. या प्रत्येकापुढे मिनिटे लिहायची आणि गुणाकार करत जायचे. हा हिशेब मी आरोग्यसेविकांबरोबर बसून केला आहे. त्यांच्या कामाची यादी आमच्या यादीपेक्षा नेहमीच लांब निघते. रजिस्टरे आणि ऑनलाइन नोंदी यांना जाणारे तास त्या सांगतात तेव्हा खोलीतले अधिकारी गप्प होतात, कारण एकच माहिती दोन-तीन ठिकाणी भरावी लागते हे त्यांनाही ठाऊक असते.

आणि वाट? अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यात 3,000 लोकसंख्येचे उपकेंद्र म्हणजे डोंगरावर विखुरलेले पाडे. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या काही गावांसाठी तरंगते दवाखाने चालवावे लागले. पुण्याजवळच्या सपाट गावातल्या वीस मिनिटांच्या तपासणीला इथे दोन तासांची चाल जोडली की वरचा सगळा हिशेब कोलमडतो. माणशी लोकसंख्या कमी केली म्हणून कामाचा भार कमी होतो असे नाही. निकष ठरवताना अंतर मोजले पाहिजे, आणि ते नकाशावर न मोजता पायांनी मोजले पाहिजे.

पद मंजूर करणे ही पहिली पायरी झाली. त्यावर माणूस टिकणे हे निराळेच काम आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना बंधपत्रानुसार एक वर्षाची सेवा द्यावी लागते, त्यामुळे केंद्राला डॉक्टर मिळतो. पण वर्ष संपेपर्यंत त्याला गावची भाषा आणि माणसे कळू लागलेली असतात आणि तेवढ्यात तो पदव्युत्तर प्रवेशासाठी निघून जातो. तामिळनाडूने इथे शहाणपण दाखवले. ग्रामीण सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत वाटा देऊन त्यांनी खेड्यातली नोकरी आणि पुढचे शिक्षण एकाच वाटेवर आणले. राज्यांना असा वाटा ठेवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये मान्य केले. आपल्याकडे आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी आहे, बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाची सवलत आहे. या तरतुदी मोलाच्या आहेत. तरी 'मुख्यालयी राहा' असा आदेश काढण्याआधी तिथले निवासस्थान गळते का, त्याला पाणी आहे का, मुलांसाठी जवळ शाळा आहे का, एकट्या राहणाऱ्या आरोग्यसेविकेच्या दाराला नीट कडी आहे का, हे बघणेही नियोजनच आहे. ते बांधकाम खात्याचे काम म्हणून सोडून देता येत नाही.

सर्वांत अवघड गाठ खात्यांची आहे. डॉक्टर आणि परिचारिका घडवायचे एका खात्याने, जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत त्यांना नेमायचे दुसऱ्याने, प्राथमिक केंद्रे चालवायची जिल्हा परिषदेने, शहरे सांभाळायची महापालिकांनी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले हजारो कर्मचारी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे काम करतात. आशा तर सरकारच्या लेखी स्वयंसेविका. तिला पगार नसतो, मोबदला असतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. ज्यांच्यावाचून गावपातळीवरची एकही योजना हलत नाही, त्या मंजूर पदांच्या आकृतिबंधात कुठेच नाहीत, हे मला पटत नाही आणि पटू नये असे वाटते. दुसरीकडे 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. मुलींना चांगली संधी मिळते, तिचे स्वागतच आहे. पण किती परिचारिका घडवायच्या, किती इथे हव्यात आणि किती जातील, हा हिशेब एका टेबलावर एकत्र मांडलाच पाहिजे.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. डॉक्टर या, परिचारिका या. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य शिकलेले या. जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेत बिंदुनामावली सांभाळणारे तर जरूर या, कारण तुम्हाला जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. एक विनंती मात्र आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी जवळच्या उपकेंद्रात जा. लसीकरणाचा दिवस विचारून घ्या, सकाळी नऊला पोहोचा आणि आरोग्यसेविकेची परवानगी घेऊन तिच्याजवळ बसा. ती काय करते आणि त्याला किती मिनिटे लागतात, एवढेच संध्याकाळपर्यंत लिहीत राहा. ते कागद जपून ठेवा. तिसऱ्या प्रकरणापासून आपल्याला त्यांच्यावरच काम करायचे आहे.