एका घंटीचा अर्थ : कामठ्याहून पाहिलेला साधा मोबाइल

मराठी साहित्यव्यवहारात पत्राला मोठी प्रतिष्ठा लाभली. थोरांचे पत्रसंग्रह निघाले, पत्ररूप कादंबऱ्या झाल्या. अवचित आलेल्या तारेने कित्येक कथांना कलाटणी दिली. त्या मानाने बटणांच्या साध्या मोबाइलची दखल आपण फारशी घेतलेली नाही. गेल्या पाव शतकात असंख्य मराठी माणसांचा जिव्हाळ्याचा संवाद या यंत्रातून झाला. परंतु त्याचा कागद मागे उरला नाही, आणि कागद नसला की इतिहासलेखन अडते. हा इतिहास एखाद्या गावात उभे राहून पाहावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही गोंदिया जिल्ह्यातील कामठा निवडले आहे.

या निवडीला कारण आहे. इंग्रजी अमदानीत भंडारा जिल्ह्यातील मोठ्या जमीनदाऱ्यांत कामठ्याची गणना होत असे. धानाचा हा मुलूख अनेकदा विभागला गेला. १८६७ साली भंडाऱ्याचा काही भाग घेऊन बालाघाट जिल्हा निर्माण झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. नकाशे बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. लेकी हद्दीपलीकडे दिल्या जात राहिल्या, सुना अलीकडे येत राहिल्या.

मोबाइल आला तो याच पार्श्वभूमीवर. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाइल सेवेचा आरंभ केला. परवान्यांसाठी देशाची सर्कलांत वाटणी झाली होती. महाराष्ट्राचे सर्कल निराळे, मध्य प्रदेशाचे निराळे. म्हणजे दूरचे कोल्हापूर कामठ्याच्या सर्कलमध्ये आणि शेजारचे लांजी परक्या सर्कलमध्ये! बसने जाताना जी हद्द जाणवतही नसे, ती आता रुपया-पैशांत मोजली जाऊ लागली. लेकीच्या गावी फोन लावला तर एसटीडी. फोन खिशात घालून तिच्याकडे गेले तर रोमिंग, आणि तेथे आलेला फोन उचलण्याचेही पैसे. घरी बसून फोन घेणे २००३ साली फुकट झाले. २००६ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल यांच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशभर रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय केली. रोमिंगमध्ये येणारा फोन बीएसएनएलने फुकट केला तो १५ जून २०१५ रोजी. राज्यपुनर्रचनेने आखलेली रेषा फोनच्या दरातून पुसली जायला इतकी वर्षे लागली.

या दराला लोकांनी दिलेले उत्तर म्हणजे मिस कॉल. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, एवढ्या एका नियमावर देशभर एक बिनशब्दांची भाषा उभी राहिली. एक घंटी म्हणजे सुखरूप पोहोचलो. दोन घंट्या म्हणजे तुम्हीच फोन करा. ठरल्या वेळी घंटी वाजलीच नाही, तर काळजी. घंटी तीच, तिचा अर्थ वेळेवर, नात्यावर आणि आधी ठरलेल्या संकेतावर अवलंबून. ध्वनिसिद्धान्त शिकविताना आपण वाच्यार्थाहून निराळ्या व्यंग्यार्थाची उदाहरणे काव्यातून काढतो. येथे तर वाच्यार्थच नाही, सारा व्यंग्यार्थ!

लिपीची कथा याच्या उलट आहे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरीत हीच मर्यादा ७० चिन्हांवर येई. काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र मोजदाद होई. ‘कामठा’ या तीन अक्षरी नावाला पाच चिन्हांची जागा लागे. त्यातून पुष्कळ साध्या फोनांवर देवनागरी उमटतच नसे, चौकोन दिसत. साहजिकच मराठी संदेश रोमन लिपीत लिहिला गेला, आणि ज्यांना ती लिपी येत नव्हती ते बोलतच राहिले. भारतीय मानक ब्युरोने फोनवर भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत असे मानक केले, तेही २०१६ साली.

तथापि या उणिवेतून एक अनपेक्षित लाभही झाला. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारणारी झाडीबोली शाळेच्या फळ्यावर अशुद्ध ठरत आली. फोनवर तिला कोणी लाल शाई लावली नाही. लिहिता न येणारी आजी परगावच्या लेकीशी थेट स्वतःच्या बोलीत बोलली. पत्र लिहून देणारा, वाचून दाखविणारा असा तिसरा माणूस मधून निघून गेला. आमच्या मते साध्या मोबाइलचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० या फोनची बॅटरी पुष्कळांच्या स्मरणात असेल. भारनियमनाच्या रात्री बांधावर तिचा उपयोग मोठाच होता. परंतु त्याहून मोठा उपयोग हा, की निरक्षराला प्रथमच खासगी संवाद मिळाला.

आज तो तिसरा माणूस परत येतो आहे. साधा फोन अजून हयात आहे. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने त्याच्यासाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही सोयही आणली. पण बँकेचे व्यवहार आणि सरकारी नोंदणी आता फोनवर येणाऱ्या ओटीपीवर चालतात, आणि तो बहुधा इंग्रजीत येतो. हा आकडा कोणालाही सांगू नका, अशी ताकीद त्याच संदेशात असते. ज्या आजीला तो वाचताच येत नाही, तिने फोन कोणाच्या तरी हाती दिल्यावाचून गत्यंतर नाही. एके काळी ती पोस्टकार्ड घेऊन पोस्टमनसमोर बसत असे, तशी आता नातवासमोर किंवा दुकानदारासमोर बसते. फरक एवढाच, की पोस्टकार्डात खुशाली असे. यात तिची सारी पुंजी असते.