हातमोजेवाल्याचा मुलगा

थोर ग्रंथकार निवर्तल्यावर त्याच्या घरादारावरून भाऊबंदांत तंटा व्हावा, हे आपल्या ऐकिवात आहे. पण त्याचे ग्रंथ मुळी त्याचे नव्हतेच, असा दावा दुसऱ्या कोणाच्या वतीने उभा राहावा आणि तो दीडशेहून अधिक वर्षे चालावा, हा प्रकार विरळाच. शेक्सपीअरच्या नशिबी तो आला आहे. या वादापायी मंडळे निघाली, नियतकालिके निघाली, एक कबरही उघडली गेली. एवढा अट्टाहास कशासाठी, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतो. एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्ड गावी २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यम शेक्सपीअरचा बाप्तिस्मा झाला. बाप जॉन हातमोजे करणारा कारागीर. गावात लॅटिन शिकवणारी शाळा होती. पण तिचा त्या काळचा हजेरीपट शिल्लक नाही. विद्यापीठाचे तोंड विल्यमने पाहिले नाही. तो लंडनला गेला, नट झाला, नाटकमंडळीचा भागीदार झाला आणि १६१६ साली गावी वारला. त्याच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सह्या अवघ्या सहा. मृत्युपत्रात बायकोला घरातला दुसऱ्या प्रतीचा पलंग दिला आहे. पुस्तकांचा मात्र उल्लेख नाही.

यावरून शंका निघाली. राजदरबाराचे रीतिरिवाज, कायद्याची परिभाषा, इटलीतली शहरे, ससाण्यांची शिकार हे सारे या खेडवळ नटाला कोठून कळले? डेलिया बेकन या अमेरिकन विदुषीने १८५७ साली भलामोठा ग्रंथ लिहून ही नाटके फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले प्रभृतींच्या गटाने रचली असे प्रतिपादले. त्याच्या आदल्या वर्षी ती कंदील घेऊन स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपीअरच्या थडग्यापाशी रात्री बसली होती; पुरावा खालीच आहे अशी तिची खात्री होती. शिळा हलवण्याचा धीर तिला झाला नाही. १८५९ साली वेड्यांच्या इस्पितळात तिचा अंत झाला. जिने स्वतः महाविद्यालयाची पायरी न चढता विद्या मिळवली, तिलाच दुसऱ्या एकाने तशी ती मिळवली असेल हे पटू नये, याहून दैवदुर्विलास कोणता?

तिच्यामागून आलेल्यांनी नाटकांत गूढलिपी शोधली. इग्नेशियस डॉनेली याने १८८८ साली शब्द आणि पाने मोजून बेकनचा गुप्त संदेश ‘वाचला’. पुढे विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने १९५७ साली या सर्व लिप्या तपासल्या. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्यात दोघांची हयात गेली होती, आणि एलिझबेथबाईंनी तर उमेदवारीच बेकनची लिपी शोधणाऱ्यांच्या हाताखाली केली होती. त्यांचा निर्णय असा, की नाटकांत असा एकही संदेश सिद्ध होत नाही. शोधणाऱ्याला हवे तेच सापडत गेले. १९५६ साली तर नाटककार मार्लोचा दावा सिद्ध करण्यासाठी त्याचा आश्रयदाता वॉल्सिंगहॅम याची कबर उघडण्यात आली. आत वाळू निघाली.

आज या मंडळींत अधिक चलती आहे ती ऑक्सफर्डच्या सतराव्या अर्लची. त्याला पुढे आणणारा टॉमस लूनी हा गेट्सहेडचा शाळामास्तर. वर्षानुवर्षे वर्गात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवताना त्याला वाटू लागले, की हे लिहिणारा उमरावच असला पाहिजे. त्याने कवीच्या स्वभावाची लक्षणे मांडली, त्यांत बसणारा माणूस धुंडाळला आणि १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रॉइडसारख्या धुरंधरालाही तो पटला. १९२२ साली इंग्लंडात मंडळ निघाले. १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे लुटुपुटीचा खटला चालला. निकाल स्ट्रॅटफर्डच्या बाजूने लागला. तरीही २००७ साली डेरेक जॅकोबी, मार्क रायलन्स यांच्यासारख्या नामांकित नटांनी शंकेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

अर्लची एक अडचण अशी, की तो १६०४ साली वारला. ‘टेम्पेस्ट’ नाटकात तर १६०९ साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिकतीचे पडसाद आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याहून मोठा पुरावा १६२३ सालचा. त्या वर्षी हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नटांनी आपल्या दिवंगत सोबत्याची छत्तीस नाटके एकत्र छापली. स्ट्रॅटफर्डच्या विल्यमने मृत्युपत्रात ज्यांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी पैसे ठेवले, त्यांतले हे दोघे. त्याच ग्रंथात बेन जॉन्सनने त्याला एव्हनकाठचा हंस म्हटले, आणि त्याचे लॅटिन बेताचे नि ग्रीक त्याहून कमी असेही सांगितले. हा जॉन्सन कोण? एका गवंड्याचा सावत्र मुलगा. तोही विद्यापीठात शिकला नव्हता, आणि आपल्या काळच्या विद्वानांत त्याची गणना होई. त्याच्या नाटकांचा मालक कोणी शोधत नाही!

आणि नाटकांतली विद्या तरी कोणती? पुष्कळशी छापील पुस्तकांतली. इंग्लंडचा इतिहास होलिनशेडचा, रोमचा प्लुटार्कच्या इंग्रजी भाषांतरातला. जो बोहेमियाला समुद्रकिनारा देतो, त्याने युरोपचा प्रवास केलाच असला पाहिजे असे कशावरून म्हणावे? विद्वानांचा खरा प्रश्न आता निराळा आहे: यांतले त्याचे एकट्याचे किती? शेवटच्या नाटकांत फ्लेचरचा हात होता हे मान्य झाले आहे. ऑक्सफर्डच्या २०१६ सालच्या आवृत्तीने ‘सहावा हेन्री’च्या तिन्ही भागांवर मार्लोचे नाव जोडीने घातले. नाटकमंडळीत हे असेच चालते.

लूनीला मी हसू शकत नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. पोटासाठी शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरी एकदा माझ्या हातून तेच घडले. मेंढपाळाच्या मुलाने पावसावरचा निबंध आणून दिला. भाषा अशी, की मी वहीवर लाल शाईने लिहिले, ‘कोठून उतरवला?’ मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला समोर बसवून दुसरा विषय दिला. अर्ध्या तासाने त्याने पान पुढे केले, आणि माझी मान खाली गेली. लाल शाई मी खोडली. पण खोडलेले दिसतेच.

१८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणणारे आगरकर टेंभूसारख्या लहान गावचे, गरिबाघरचे. त्यांनी ‘विकारविलसित’ लिहिले याबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण त्यांचे कागद आपल्यापाशी आहेत. स्ट्रॅटफर्डच्या मुलाचे कागद काळाने नेले. शंका घेणे हा गुन्हा नव्हे. शंकेखोरांनी ही नाटके आपल्यापेक्षा बारकाईने वाचली, हे त्यांचे श्रेय आहे. मात्र हरवलेल्या हजेरीपटाच्या जागी वंशावळ पुढे करणे हा पुरावा नव्हे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाला समोर बसवून दुसरे नाटक लिहून घेण्याची सोय आपल्याला नाही. त्याच्या वहीवर लाल शाई चालवण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात ठेवावे.