बेगडी मासा

शनिवारी संध्याकाळी शिरोली एमआयडीसीत आत्येभावाच्या शेडमध्ये बसलो होतो. दादाचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. दिवसभर आसपासच्या कारखान्यांतल्या जॉबवर काळा नाहीतर करडा रंग चढवायचा, आणि शिफ्ट सुटली की गरम राहिलेल्या ओव्हनमध्ये स्वतःचे उद्योग करायचे. सध्याचा उद्योग म्हणजे मासे पकडायचे जिग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिग म्हणजे गळाच्या डोक्याशी शिशाचा छोटा गोळा ओतलेला असतो. त्याला रंग देतात, डोळा काढतात. पाण्यात टाकून झटके देत ओढला की मरळीसारख्या शिकारी माशाला वाटतं, छोटा मासा पळतोय. गांडूळ नको, कणकेचा गोळा नको. निव्वळ फसवणूक.

दादाचे जिग एकदम सरकारी हिरवे होते. मी म्हटलं, "दादा, यात चमकी टाकू की! खऱ्या माशासारखं लखलखेल."

"गनमधी घालायची न्हाई हां," त्याने आधीच दम भरला. "उद्या गिऱ्हाइकाच्या काळ्या जॉबवर चांदण्या उमटल्या तर तू येणार हैस व्हय उत्तर द्यायला?"

तर आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून गुलाबी चमकीची पुडी आणली, बरणीत हिरव्या पावडरमध्ये मिसळली, हॉट एअर गनने जिग तापवला, बरणीत बुडवला, ओव्हनमध्ये टांगला. साधारण १८० अंश, पंधरा मिनिटं. दार उघडलं तर नाकात जाणारा आंबूस उग्र वास, आणि जिगवर तपकिरी, गुंडाळलेले बारीक कण. जिऱ्याची फोडणी करपल्यासारखे!

इंजिनियर माणूस फेल झालं की लॉग वाचतो. इथे लॉग म्हणजे इतिहास. रविवार त्यातच गेला, आणि जे सापडलं ते इतकं मजेशीर निघालं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात आपल्याच भागातून करू. कल्याणीचा (म्हणजे आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० च्या आसपासचा. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा या चालुक्यांचेच मांडलिक. या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे जोक नव्हे, करमणूक. राजाने गळ टाकून मासे कसे पकडावेत, दोरी-काठी कशी असावी, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, हे सगळं त्यात आहे. पस्तीसच्या आसपास माशांची माहिती आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला. राजाचा भर खाद्यावर आहे. म्हणजे माशाला फसवायचं, पण निदान काहीतरी खायला देऊन.

नुसत्या चमकेवर मासा येतो, हे अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाने धंद्यात आणलं. गोष्ट अशी सांगतात की होडीत बसून जेवताना त्याचा चमचा तळ्यात पडला, आणि गिरक्या घेत बुडणाऱ्या चमच्यावर एका माशाने झडप घातली. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८५२ मध्ये त्याने अशा चमच्यासारख्या गळाचं पेटंट घेतलं हे नक्की.

पण मासा चमकेला भुलतो का? कारण मासा स्वतः चमकतो. माशाच्या कातडीत आणि खवल्यांवर ग्वानिनचे अतिशय पातळ स्फटिक असतात, आरशाच्या चकत्यांसारखे एकावर एक रचलेले. (हो, तेच ग्वानिन. डीएनएच्या ए-टी-जी-सी मधला जी!) छोटा मासा वळला की या चकत्यांवरून प्रकाश लकाकतो, आणि मोठ्या माशाला कळतं, जेवण आलं.

आता गंमत बघा. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकॅं नावाचा एक मणी बनवणारा कारागीर होता. नदीतले छोटे मासे धुतले की पाण्यावर चंदेरी थर राहतो, हे त्याने हेरलं. खवल्यांवरचा तो अर्क काढून त्याने काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावला, आणि नकली मोती तयार! थोड्याशा अर्कासाठी हजारो मासे लागायचे. म्हणजे माणसाने चमक उसनी घेतली ती थेट माशाकडूनच.

आपल्याकडे हे काम बेगड आणि अभ्रक करत होते. बेगड म्हणजे धातूचा रंगीत पातळ पत्रा. बाशिंगावर, मखरावर चिकटवायचा. अभ्रकाचा चुरा रांगोळीत, गुलालात. आणि मराठी माणसाचा खडूसपणा बघा, चमकणाऱ्या वस्तूच्या नावावरूनच त्याने 'बेगडी' म्हणजे खोटं, दिखाऊ, असा शब्द करून ठेवला. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. त्या हिशेबाने दादाचा जिग म्हणजे शब्दशः बेगडी मासा.

आजची चमकी मात्र यंत्रावर कापलेली. तिचा शोध १९३४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या हेन्री रुशमन या मेकॅनिकने लावला असं सांगितलं जातं. भंगार बारीक कापणारं यंत्र बनवताना हे निघालं म्हणे. पुढे प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर, त्यावर रंग, आणि मग षटकोनी तुकडे, ही पद्धत रूढ झाली.

आमची भानगड इथेच होती. फिल्म दोन प्रकारची असते. पॉलिस्टर (पाण्याच्या बाटलीचं पेट) साधारण अडीचशे अंशांपर्यंत वितळत नाही. पीव्हीसी मात्र ऐंशीच्या आसपासच मऊ पडतं, आणि १८० ला त्याचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटायला लागतो. तो उग्र वास म्हणजे आम्ही दोघं आणि ओव्हन मिळून बनवत असलेलं ॲसिड होतं. पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिच्यावर फुलपाखरू असतं.

आता पावडरची बाजू. १९५३ मध्ये जर्मनीतल्या एर्विन गेमर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. सच्छिद्र तळातून हवा सोडली की भांड्यातली प्लास्टिकची पावडर पाण्यासारखी उकळल्यागत हलते, त्यात तापवलेला धातू बुडवला की पावडर वितळून चिकटते. ना थिनर, ना ब्रश. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या सेम्स कंपनीने विद्युतभारित गन आणली. पावडरला चार्ज द्यायचा, जॉबला अर्थिंग, आणि कण स्वतःहून जाऊन बसतात. मुंबईत १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन होत होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. आज शिरोलीत दादाच्या हातात आहे ती या गनचीच नात. आणि आम्ही बरणीत जिग बुडवला, ते नकळत गेमर साहेबांकडे परत गेलो होतो.

दादा गनमध्ये चमकी का घालू देत नाही, हेही मग कळलं. पावडरचा कण काही दशक मायक्रॉनचा. चमकीचा तुकडा त्याच्या कितीतरी पट मोठा, वर धातूचा थर असलेला. दोघांना चार्ज वेगळा बसतो, ते वेगवेगळे उडतात. खाली सांडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरली की मिश्रणाचं प्रमाणच बदलतं. कंपन्यांनी यावर तोड काढली ती बाँडिंगची: रेझिन जेमतेम मऊ होईल इतकंच तापवायचं आणि चमकीचे बारीक कण त्याच्या कणांनाच चिकटवून टाकायचे. आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या ड्युपॉंट कंपनीला अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे माशाच्या खवल्याची नक्कल, पण मासा न मारता. आणि त्यासाठी वापरलं काय, तर आपल्या रांगोळीतलं अभ्रक!

मी हे सगळं उत्साहाने दादाला सांगितलं. रेसिपीही दिली: आधी पांढरा थर, तो गरम असतानाच वरून पॉलिस्टरची चमकी भुरभुरायची, मग पारदर्शक पावडरचा थर देऊन भाजायचं. चमकी आत बंद. पुढच्या शनिवारी केलं, आणि खरंच झकास जमलं. जिग दिव्याखाली असा लकाकला की आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे ओरडलो.

तेवढ्यात दादाचा सहा वर्षांचा मुलगा आला. त्याने तो जिग उचलला आणि गोळीसारखा तोंडाकडे नेला. वहिनीने हात पकडला म्हणून बरं.

एकदम शांतता. इतका वेळ आम्ही दोघं वरच्या पाव मिलिमीटरबद्दल बोलत होतो. आत शिसं होतं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला चमचमतं, चॉकलेटच्या गोळीसारखं आवरण देऊन ठेवलं होतं. ब्रिटनने १९८७ मध्येच मासेमारीच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, कारण हंस ती गिळून मरत होते. युरोपियन युनियनने २०२३ च्या ऑक्टोबरपासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री थांबवली. आणि शिरोलीत? २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी इथल्या हायवेवर आलं होतं. शेडच्या फरशीवर जे सांडतं ते कुठे जातं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

दादाने उरलेलं शिसं एका डब्यात भरून झाकण ठोकलं आणि डबा माळ्यावर टाकला. आता तो कथील ओततो, कल्हईवाल्यांचं. महाग आहे, शिशापेक्षा हलकं आहे (घनता ११.३ च्या जागी ७.३), म्हणून जिग थोडा मोठा करावा लागतो. कथील २३२ अंशांवर वितळतं, त्यामुळे ओव्हनच्या थर्मोस्टॅटवर डोळा ठेवून बसावं लागतं. सुटी चमकी बंद, त्याऐवजी अभ्रकाचा अंश असलेली मोतिया पावडर, वर पारदर्शक थर.

"लखलखाट कमी झाला की रे," मी म्हटलं.

"मासा काय चमकी मोजत बसतोय व्हय?" दादा म्हणाला. "त्यो हालचाल बघून येतोय."

असो. कथलाचे सहा जिग झालेत. पाऊस ओसरला की मरळीला विचारून बघू.