अकालजात अर्भक : घरगुती संगोपन

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल म्हणजे अकालजात अर्भक. घरी आल्यावर त्याला ऊब, आईचे दूध आणि स्पर्श यांचा मोठा आधार असतो. टोपी, मोजे व लंगोट घातलेल्या बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभे धरून वरून कापडाने बांधतात. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. विकास सुधारित वयाने मोजतात : आठ आठवडे आधी जन्मलेले चार महिन्यांचे बाळ दोन महिन्यांचे धरतात. लसी मात्र साधारणतः जन्मतारखेनुसार देतात. दृष्टिपटल व श्रवण यांची तपासणी चुकवू नये. अंग सतत ताठ वा लुळे वाटल्यास बालरोगतज्ज्ञांना वेळीच दाखवावे.